घामातले मीठ, छातीतली आग : उरणच्या किनाऱ्यावरून एका रोगाचा इतिहास

सन १८८२. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यावरील खंड त्या वर्षी प्रसिद्ध झाला. संपादक होते जेम्स कॅम्पबेल. उरण आज रायगड जिल्ह्यात आहे. पण त्या काळी पनवेल तालुका ठाण्यात मोडत असे आणि उरण त्यातच होते. म्हणून जुन्या उरणची माहिती शोधणाऱ्याला हा ठाण्याचा खंड उघडावा लागतो. त्यात मीठ आणि मिठागरे यांचे वर्णन विस्ताराने येते. कारण उघड आहे. मिठावर कर होता, आणि जिथे कर तिथे सरकारची नजर.

मिठागराचे काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीने चालत आले. बांधाच्या उघाडीतून भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सोडत उन्हावर आटवायचे, आणि शेवटच्या वाफ्यात स्फटिक धरले की ओढून काठावर रास घालायची. पावसाळा सरल्यावर सुरू झालेला हा हंगाम पुढचा पाऊस येईपर्यंत चाले. आगरी समाजाचे नावच ‘आगर’ या शब्दावरून आले असे मानतात. रास पडली की सरकारी पहारा, वजन आणि नोंद. कर भरल्यावाचून मीठ बाहेर नेणे हा गुन्हा होता.

त्याच १८८२ मध्ये युरोपात तीन गोष्टी घडल्या.

२४ मार्च रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. पॅरिसमध्ये कार्ल गेसार या औषधनिर्मात्याने जखमांवरच्या पट्ट्यांना येणाऱ्या निळसर-हिरव्या रंगाचे मूळ शोधले आणि तो रंग निर्माण करणारा जंतू वेगळा काढला. आज त्याला ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ म्हणतात. आणि वर्षाच्या अखेरीस सिसिली बेटावरील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात एक काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर अळीच्या शरीरातील फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा झाल्या होत्या. शरीर परक्या वस्तूवर चालून जाते, ही कल्पना तिथे जन्मली.

मीठ, क्षय, निळसर-हिरवा जंतू आणि चालून जाणाऱ्या पेशी. या चार गोष्टी एकाच लहान मुलाच्या देहात एकत्र येतील, अशी त्या वर्षी कोणाला कल्पना असणे शक्य नव्हते. ज्या रोगात त्या एकत्र येतात त्याला ‘सिस्टिक फायब्रोसिस’ म्हणतात. ज्या देशाने मिठाचा कणन्‌कण मोजला त्या देशात मुलाच्या घामातले मीठ मोजायला कोणी का गेले नाही, हाही या रोगाच्या इतिहासातला एक प्रश्न आहे.

रोग जुना आहे. १५९५ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे पीटर पाउ या शरीरशास्त्रज्ञाने अकरा वर्षांच्या एका मुलीचे शवविच्छेदन केले. तिला चेटूक लागले आहे अशी वदंता होती. तिचे स्वादुपिंड सुजलेले, कठीण आणि पांढरेफटक असल्याचे त्याने नोंदवले. मध्य युरोपातील लोककथांमध्येही एक समजूत आढळते. कपाळाचे चुंबन घेताना जे मूल खारट लागते ते शापित असून फार दिवस जगत नाही. आयांनी ओठांनी केलेले हे निदान प्रयोगशाळेच्या कित्येक पिढ्या आधीचे आहे, आणि ते बरोबर होते.

रोगाला नाव मिळायला मात्र १९३८ उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयात डोरोथी अँडरसन नावाच्या विकृतिशास्त्रज्ञ होत्या. त्यांना शल्यचिकित्सक व्हायचे होते. स्त्री म्हणून ती वाट बंद झाली आणि त्या शवविच्छेदनाच्या टेबलाकडे वळल्या. पचन बिघडून दगावलेल्या एका मुलाच्या स्वादुपिंडात त्यांना गाठी आणि तंतूंचे जाळे दिसले. त्यांनी जुनी दप्तरे उपसली, इतर रुग्णालयांची कागदपत्रे मागवली आणि ४९ मुलांच्या माहितीवरून सिद्ध केले की हा एक स्वतंत्र रोग आहे. पचन बिघडते, मूल वाळत जाते, आणि बहुतेक वेळा मृत्यू येतो तो छातीच्या संसर्गाने. नाव स्वादुपिंडावरून पडले, पण जीव फुप्फुसामुळे जात होता.

त्याच सुमारास उरणात असे एखादे मूल जन्मले असते, तर त्याचे काय झाले असते? मूल दूध पिते पण अंगी लागत नाही. शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त. महिन्या-दोन महिन्यांत खोकला सुरू होतो आणि थांबत नाही. शेजारीण म्हणाली असती, दृष्ट लागली. वैद्याने मुडदूस किंवा बाळदमा म्हटले असते. मोऱ्याच्या धक्क्यावरून भाऊच्या धक्क्याला जाऊन परळ गाठण्याइतकी ऐपत घरात असती, तर १९२९ मध्ये सुरू झालेल्या वाडिया बालरुग्णालयात ते पोहोचले असते, आणि तिथल्या डॉक्टरांनी पहिली शंका क्षयाची घेतली असती. त्यात चूक काहीच नव्हती. त्या काळच्या मुंबईत खोकणारे, वाळलेले मूल म्हणजे शंभरांतून बहुतेक वेळा क्षय किंवा कुपोषणच. दुर्मीळ रोग नेहमीच्या रोगाच्या सावलीत उभा राहिला की दिसत नाही.

आणि तो मे महिन्यात दिसेनासा होतो, अशीही एक गोष्ट आहे. ती उरणच्या हवेशी थेट जुळते, पण घडली न्यूयॉर्कमध्ये.

१९४८ च्या उन्हाळ्यात तिथे उष्णतेची मोठी लाट आली. उन्हाने निपचित पडलेली, शरीरातील पाणी आणि क्षार गमावलेली मुले रुग्णालयात येऊ लागली. वॉल्टर केसलर आणि डोरोथी अँडरसन यांच्या लक्षात आले की अशा मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांची संख्या विलक्षण मोठी आहे. १९५१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्याच रुग्णालयातील पॉल दी सांत’आन्येझे यांनी पुढचा प्रश्न विचारला: पाणी तर सगळ्यांचेच जाते, मग हीच मुले का कोसळतात? १९५३ मध्ये उत्तर मिळाले. या मुलांच्या घामात मीठ इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक होते.

याचे कारण उरणकराला सांगायला सोपे आहे. घामाच्या ग्रंथीच्या तळाशी तयार होणारे पाणी खारटच असते. ते नळीतून वर येताना नळीची भिंत त्यातले बरेचसे मीठ परत ओढून घेते आणि त्वचेवर फिकट घाम येतो. या रोगात ती उघाडी बंद पडते. मीठ परत घेतले जात नाही, सगळे बाहेर जाते. थंड देशात याने फारसे बिघडत नाही. कोकणातल्या वैशाखात तान्हे मूल यानेच दगावू शकते, आणि मृत्यूचे कारण म्हणून ‘ऊन लागले’ एवढेच सांगितले जाते. भारतातील डॉक्टरांनी पुढे लिहिलेल्या नोंदींतही अशी मुले येतात, उन्हाळ्यात क्षार गमावून मलूल झालेली, आणि मग त्यांच्यात हा रोग सापडलेला.

१९५९ मध्ये लुईस गिब्सन आणि रॉबर्ट कुक यांनी घाम मोजण्याची सुरक्षित रीत काढली. दंडावर औषध लावून क्षीण विद्युतप्रवाह सोडायचा, तेवढ्याच जागी घाम आणायचा, तो टिपकागदावर शोषून घ्यायचा आणि त्यातील क्लोराइड मोजायचे. लिटरमागे ६० एकके किंवा त्याहून अधिक आले की रोगाची दाट शंका. ही रीत मूळ रूपात आजही चालते. आईच्या ओठांनी जे कळत होते ते आता आकड्यात आले.

ही चाचणी निघाली तेव्हा मिठावरचा कर जाऊन बारा वर्षे झाली होती. १९३० च्या उन्हाळ्यात वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रही चालून गेले होते. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. १९४७ मध्ये कर रद्द झाला. मीठ मोजणारी यंत्रणा बदलली. घामातले मीठ मोजणारी यंत्रणा अजून यायची होती.

भारतात ती उशिरा येण्यामागे एक ठाम समज होता. हा गोऱ्यांचा रोग आहे, तो आपल्याकडे नसतो. पाश्चात्त्य ग्रंथांत तसे लिहिलेले असे आणि आपल्याकडे तेच शिकवले जाई. युरोपीय वंशाच्या लोकांत अडीच ते साडेतीन हजार जन्मांमागे एक, आणि आशियात जवळजवळ नाहीच. जे नाही ते शोधायचे कशाला? आणि शोधले नाही म्हणून सापडले नाही; सापडले नाही म्हणून ‘नाही’ हे पुन्हा सिद्ध झाले. इतिहासाच्या अभ्यासकांना हे वर्तुळ ओळखीचे वाटेल. पुराव्याचा अभाव आणि अभावाचा पुरावा यांत गल्लत झाली की कागदपत्रांबाबतही हेच घडते.

१९६८ मध्ये चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतून भारतीय मुलांमधील या रोगाच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय-पाकिस्तानी कुटुंबांतही तो आढळू लागला. दिल्लीच्या एम्समध्ये घामतपासणीची साधने देशातच कमी खर्चात बनवून मुलांची पद्धतशीर तपासणी सुरू झाली, तेव्हा रुग्णांची रांग दिसू लागली. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने जनुकीय तपासणीचे काम केले. परदेशातील दक्षिण आशियाई कुटुंबांवरून काढलेला अंदाज असा की दहा ते चाळीस हजार जन्मांमागे एक मूल. प्रमाण लहान वाटते. पण भारतात दरवर्षी दोन कोटींहून अधिक मुले जन्मतात. गुणाकार ज्याने त्याने करावा.

आता छातीकडे वळू. या रोगाचा खरा इतिहास तिथे घडतो, आणि त्यासाठी थोडा वेळ परळलाच थांबावे लागेल.

मेचनिकॉफ यांचा ओडेसा येथील एक विद्यार्थी वाल्देमार हाफकिन. ऑक्टोबर १८९६ मध्ये तो प्लेगने हादरलेल्या मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्याने लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये गेली. आज ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. मुंबई आणि कोकण यांना रोगप्रतिकारशक्ती ही गोष्ट कळली ती अशी: मेलेला जंतू टोचावा, शरीराने त्याला ओळखावे, आणि खरा शत्रू आला की त्याला परतवून लावावे. प्रतिकार म्हणजे संरक्षण. गुरूच्या काट्याभोवती गोळा झालेल्या पेशी आणि शिष्याच्या सुईतली लस, दोन्हींचा अर्थ तोच.

सिस्टिक फायब्रोसिसने या समजुतीची दुसरी बाजू दाखवली.

निरोगी श्वासनलिकेच्या आतील भिंतीवर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, त्यावर चिकट श्लेष्मा, आणि खाली सूक्ष्म केसांची रांग. हे केस अखंड वल्ही मारत राहतात आणि धूळ, जंतू यांसह श्लेष्मा घशाकडे ढकलतात. या रोगात क्लोराइडची वाट बंद असल्याने तो पाण्याचा थर सुकतो. भरतीचे पाणी न पोहोचलेल्या खाजणातल्या चिखलासारखा श्लेष्मा घट्ट होतो. होडी रुतावी तशी केसांची हालचाल रुतते. श्वासाबरोबर रोज आत येणारे जंतू बाहेर जाण्याऐवजी तिथेच मुक्काम करतात.

बालपणी बहुधा स्टॅफिलोकॉकस आणि हिमोफिलस हे जंतू येतात. पुढे येतो तो गेसार यांचा निळसर-हिरवा स्यूडोमोनास. तो सुरुवातीला एकेकटा असतो, तेव्हा औषधाने घालवता येतो. मुक्काम वाढला की तो आपले रूप बदलतो. स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतो आणि वसाहत करून राहतो. १९८० मध्ये कॅनडातील विल्यम कॉस्टर्टन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या फुप्फुसात या आवरणबद्ध वसाहती प्रत्यक्ष दाखवल्या. तटबंदीच्या आतल्या गावाप्रमाणे त्यांच्यापर्यंत ना प्रतिजैविक नीट पोहोचते, ना शरीराच्या पेशी.

आणखी एका जंतूची कथा चमत्कारिक आहे. १९५० मध्ये वॉल्टर बर्कहोल्डर या वनस्पतिरोगतज्ज्ञाने न्यूयॉर्क राज्यात कांदा सडवणारा जंतू वर्णिला. नावातच कांद्याचा लॅटिन शब्द घातला. तोच जंतू १९८० च्या दशकात रुग्णांच्या फुप्फुसात सापडू लागला, आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो हेही लक्षात आले. तोवर या मुलांची उन्हाळी शिबिरे भरत. आपल्यासारखेच दुसरे कोणी आहे हे त्यांना तिथे कळे. ती शिबिरे बंद करावी लागली. आजही या रोगाच्या दोन रुग्णांनी जवळ बसू नये असेच सांगितले जाते.

आता मेचनिकॉफ यांच्या फिरत्या पेशी. जंतूंचा मुक्काम पाहून शरीर आपली फौज पाठवते. ती मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची असते. त्या जंतूंना गिळतात आणि आत जाळतात. वसाहत मात्र गिळण्याएवढी लहान नाही. त्या तिच्या तटावर आदळतात आणि तिथेच मरतात. मरताना त्यांच्या पोटातील दाहक द्रव्ये बाहेर सांडतात. त्यातले इलॅस्टेज हे विकर प्रथिने तोडणारे आहे. जंतू तोडण्यासाठी दिलेले हे हत्यार श्वासनलिकेची लवचीक भिंतच तोडू लागते. शरीरात या हत्याराला आवर घालणारी द्रव्ये असतात, पण सांडलेल्या इलॅस्टेजच्या लोंढ्यापुढे ती अपुरी पडतात.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ज्या खुणांवरून पांढऱ्या पेशी जंतूला ओळखतात त्या खुणाही हे विकर कापून टाकते. प्रतिपिंडांचेही तुकडे होतात. म्हणजे फौज जितकी मोठी, तितकी ती आंधळी. आणि भिंत तुटल्याची हाक ऐकून आणखी फौज येते. नलिका रुंद होतात, पोकळ्या पडतात, त्यात पुन्हा जंतू साठतात.

मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेल्या डीएनएचे लांब धागे कफात मिसळून त्याला आणखी चिवट करतात. १९९३ च्या अखेरीस अमेरिकेत हे धागे कापणारे श्वासावाटे घ्यायचे औषध मंजूर झाले. नंतर २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: न्यूट्रोफिल आपला डीएनए जाळ्यासारखा फेकून जंतूंना त्यात पकडतात. निरोगी शरीरात हे जाळे शस्त्र आहे. बंद पडलेल्या श्वासनलिकेत ते केरकचऱ्यासारखे साचून राहते.

हाफकिनच्या शहरात शिकलेल्या वाचकाला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद डेन्मार्कची आहे. १९७० च्या दशकात नील्स होइबी यांनी रुग्णांच्या रक्तात स्यूडोमोनासविरुद्धची प्रतिपिंडे तपासली. लसीच्या तर्कानुसार ज्याच्याकडे ती अधिक, तो अधिक सुरक्षित असायला हवा. आढळले उलटेच. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे अधिक, त्यांची फुप्फुसे अधिक बिघडलेली. दीर्घ संसर्गाची ती निशाणी होती, आणि जंतूंशी जोडी जमवून तीच प्रतिपिंडे दाह वाढवत होती. स्यूडोमोनासविरुद्ध लस बनवण्याचे प्रयत्न झाले. वापरात येईल अशी एकही निघाली नाही.

मग शरीराचा हा प्रतिकारच शमवला तर? १९८५ मध्ये स्टेरॉइड देऊन पाहिलेल्या मुलांत आशा वाटावी असा फरक दिसला. मोठ्या चाचणीत मात्र मुलांची उंची खुंटली, काहींना मोतीबिंदू झाला, काहींची रक्तशर्करा बिघडली. १९९५ मध्ये आयबुप्रोफेनच्या मोठ्या मात्रेने, विशेषतः लहान मुलांत, फुप्फुसाची घसरण मंदावली. पण रक्तातील मात्रा सतत मोजावी लागत असल्याने फारसे कोणी ते स्वीकारले नाही. आणखी एका औषधाने पांढऱ्या पेशींना बोलावणारा संदेशच अडवला. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांचा संसर्ग वाढला. २०१४ मध्ये तिचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आग लावणारी फौज तीच, आणि चोराला रोखणारीही तीच. मागे घ्यावी तर घर लुटले जाते, ठेवावी तर जळते.

आग आधी लागते की चोर आधी येतो, हा वाद अजून चालू आहे. काही तान्ह्या रुग्णांच्या फुप्फुसात जंतू न सापडताही दाहाच्या खुणा आढळल्या आहेत. काही संशोधक म्हणतात, या पेशींचा स्वभावच मुळात भडक आहे. काही म्हणतात, सुकलेला श्लेष्मा स्वतःच पेशींना चिथावतो.

१९८३ मध्ये पॉल क्विंटन यांनी घामाच्या नळीत क्लोराइडची वाटच बंद असते हे सिद्ध केले. ते स्वतः याच रोगाचे रुग्ण होते. सहा वर्षांनी, सप्टेंबर १९८९ मध्ये, टोरांटोचे लॅप-ची त्सुई व जॉन रिऑर्डन आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांनी सातव्या गुणसूत्रावरील दोषी जनुक शोधून काढले. त्यावरून बनणाऱ्या प्रथिनाच्या १,४८० दुव्यांपैकी ५०८ वा दुवा गळाला की बहुतेक युरोपीय रुग्णांचा रोग होतो. आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोगाची शक्यता चारात एक. दोघेही दिसायला ठणठणीत.

योगायोग असा की त्याच १९८९ च्या मे महिन्यात उरण तालुक्यात न्हावा शेवा बंदर सुरू झाले. जिथे मिठागरे आणि खाजणे होती तिथे कंटेनर रचले जाऊ लागले. उरणचे मीठ मागे पडत गेले, आणि जगाला घामातल्या मिठाचे कोडे उलगडले.

मिठाची या कथेतली भूमिका मात्र संपली नव्हती. ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांच्या लक्षात आले की समुद्रात लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या रुग्णांची छाती इतरांपेक्षा बरी राहते. खारे तुषार श्वासात जातात, सुकलेल्या थराकडे पाणी ओढले जाते, कफ सुटतो. २००६ मध्ये सिडनीच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १६४ रुग्णांनी ४८ आठवडे दिवसातून दोनदा वाफाऱ्याच्या यंत्रातून पाणी श्वासात घेतले. काहींच्या यंत्रात ७ टक्के मिठाचे पाणी होते, इतरांच्या साधे सलाइन. खारे पाणी घेणाऱ्यांचे छातीचे आजार उसळणे बरेच कमी झाले. समुद्राचे पाणी साधारण साडेतीन टक्के खारट असते. ७ टक्के म्हणजे त्याच्या दुप्पट. मिठागराच्या मधल्या कप्प्यात, स्फटिक धरण्याच्या पुष्कळ आधी, पाणी केव्हातरी नेमके तेवढे दाट होते. अर्थात औषधाचे पाणी निर्जंतुक असते. मिठागराच्या काठावर दीर्घ श्वास घेऊन कोणी बरे होत नाही, हे सांगायला हवे, कारण असे सल्ले फार लवकर पसरतात.

२०१२ मध्ये प्रथिनाची बंद वाट उघडणारे पहिले औषध आले आणि २०१९ मध्ये तीन औषधांचा संयोग. ५०८ वा दुवा गळालेल्या रुग्णांत त्याचा परिणाम असा होता की फुप्फुसाच्या प्रत्यारोपणाच्या यादीतील काहींची नावे काढून घेण्यात आली. घामातले मीठही उतरले. अँडरसन यांच्या काळात बहुतेक मुले शाळेचे वय गाठत नसत. आज श्रीमंत देशांतील रुग्ण निवृत्तीच्या वेतनाचा विचार करू लागले आहेत.

भारतात अडचण दुहेरी आहे. औषधाचा वर्षाचा खर्च अमेरिकी दराने तीन लाख डॉलरच्या घरात जातो. २०२३ मध्ये रुग्णांच्या कुटुंबांनी भारतासह काही देशांत त्याच्या पेटंटविरुद्ध दाद मागितली. दुसरी अडचण जनुकाची. युरोपीय रुग्णांच्या सदोष जनुकांत ५०८ चा दोष सुमारे ७० टक्के असतो. भारतीय अभ्यासांत तो साधारण २० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान आला आहे. बाकीचे दोष निराळे, काही फक्त इथलेच. परदेशी बनावटीच्या तपासणी संचात ते सापडत नाहीत आणि औषधही त्यांतल्या अनेकांना लागू पडत नाही. ‘गोऱ्यांचा रोग’ म्हणून झालेल्या उपेक्षेचे व्याज ते हे.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा शेवा हा सागरी सेतू आणि उरणपर्यंतची उपनगरी रेल्वे यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. मोऱ्याच्या लाँचने भरती-ओहोटी पाहून होणारा प्रवास आता गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. सेतू मुंबईत उतरतो तो शिवडीला. क्षयाचे मोठे रुग्णालय तिथेच आहे, आणि पुढे परळला वाडिया व हाफकिन. उरणहून खोकणारे, न वाढणारे मूल घेऊन निघालेल्या आईबापांना पहिल्यांदा क्षयाची तपासणी करायला सांगतील, आणि ते योग्यच आहे. ती तपासणी निर्दोष आली, औषधाचा महिना संपला, खोकला तसाच राहिला, तर पुढची चाचणी दंडावरच्या टिपकागदाची. तिला अर्धा तास घाम गोळा करावा लागतो. त्याआधी एक प्रश्न आईला विचारता येतो, आणि त्याला यंत्र लागत नाही: बाळाचा पापा घेताना ते खारट लागते का?